सुवर्णतासाचा मुहूर्त आणि रक्ताची भवानी

श्रीगणराय, जे पेणेस कारखान्याकारखान्यांतून घडतात आणि तेथून चहूं मुलखांत रवाना होतात, त्यांचे स्मरण प्रथम करून, मागाहून खाडीकाठच्या पिरांस सलाम करून, आणि तिसरे नमन त्या थोरल्या रस्त्यास, जो बांधून पुरा जाहला ऐसे हयात मनुष्यांत कोणी पाहिले नाही, त्यास करून हकीकत लिहिली जाते ऐसी जे, पेण आणि रोहे या दोहों ठाण्यांचे दरम्यान, नागोठण्याच्या अलीकडे, मोडल्या हाडांचे आणि फुटल्या डोक्यांचे, गरीब रयतेस परवडेल ऐसे रुग्णालय कैसे स्थापन जाहले, त्यात कोण सरदार कामास आले, कोण निव्वळ फोटोस आले, आणि अखेर फत्ते कोणाची जाहली. बखरकारास कोणाची भीड नाही. त्यास निवडणुकीचे तिकीट नको, आणि शाली घरी पुष्कळ पडल्या आहेत.

थोरला रस्ता मुलखाचे मधून जातो. त्यावर रात्रंदिन ट्रेलर, डंपर, एस.टी., चाकरमान्यांच्या मोटारी आणि कंपनीच्या शिफ्टीस धावणारे मोटारसायकलस्वार यांची रीघ. कोठे रस्ता चौपदरी, कोठे दुपदरी, कोठे निव्वळ खडी, आणि पुढे वळण आहे ही पाटी वळण सरल्यावर. सबब रोज कोणी ना कोणी पडे. पडला की रयत जमे, आणि जमल्यांत एक शहाणा निघे तो म्हणे पनवेलीस न्या, आणि दुसरा त्याहून शहाणा निघे तो म्हणे थेट मुंबईस न्या, आणि मग जखमीस गाडीत घालून उत्तरेस कूच होई, आणि वडखळच्या नाक्यावर ती गाडी ट्रकांच्या गर्दीत ऐसी रुतून बसे की भोंगा तेवढा वाजत राही आणि आतले मनुष्य निपचित होई. जखमेने थोडे मेले, वाटेने बहुत मेले.

त्यांतच रोह्याचे तांदळाचे व्यापारी यूनुसमिया डबीर गेले. डबीर हे पूर्वी दरबारचे पद होते, आता निव्वळ आडनाव आहे. भाताचे नमुने पिशवीत घालून यूनुसमिया नागोठण्यास निघाले असता डंपराने ठोकर दिली आणि मांडीचे हाड मोडले. त्यांची कन्या हफ्सा तेव्हां मुंबईस हाडांच्या शस्त्रक्रियेची विद्या शिकत होती. तीस फोन आला, आणि ती इस्पितळाचे दाराशी स्ट्रेचर घेऊन, रक्ताची तजवीज करून, वडिलांची वाट पाहात उभी राहिली. वडील पोहोचले तेव्हां अंग गार जाहले होते. मांडीचे हाड मोडल्याने मनुष्य मरण्याचे कारण नाही, वेळीच रक्त थांबविले म्हणजे जाहले, हा धडा तीस त्याच महिन्यात शिकविला होता. मग तिने विद्या पुरी केली, मुंबईची चाकरी नाकारली, आणि पण केला की आपल्याच मुलखात, त्याच रस्त्याचे कडेस ठाणे बसवीन, जेथे आलेल्यास आधी उपचार होतील आणि पैशांची गोष्ट मागाहून निघेल, आणि माझ्या बापासारखा कोणी दारापर्यंत गार होऊन येणार नाही.

तिचे मामा इद्रीसमिया बहुत वर्षे कुवेतेस ट्रेलर हाकून आले होते. त्यांनी रस्त्याला लागून असलेले आपले भाताचे खाचर भाचीस दिले, वर रुग्णवाहिका मीच हाकीन ऐसे कबूल केले. पेणेशेजारच्या जोहे गावच्या मूर्तिकारांनी गणपतीचा हंगाम उरकून भिंतींस रंग दिला. आखातातल्या रोहेकरांनी शस्त्रक्रियेचे मेज धाडले. पेणच्या सरकारी दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त जाहलेल्या गिरजाबाई परिचारिकांच्या सरनोबत होऊन आल्या, ज्यांच्या जिभेस तलवारीचे काम येत असे. ऐसे एकेक करून बळ जमले आणि भिंती उभ्या राहिल्या. येथवर हकीकत गोड आहे. पुढे ट्रस्ट आहे.

या मुलखाचा ऐसा रिवाज की, बिनअध्यक्षाचे काही स्थापन होत नाही. गोठा बांधणे असला तरी आधी अध्यक्ष नेमावा, मग म्हैस आणावी. हफ्साबाईंनी परवाने मागितले तेव्हां कचेरीत त्यांस सल्ला मिळाला की वजनदार मनुष्य पाहा. वजनदार मनुष्य हैबतराव माजी सभापती हे तयारच बसले होते. वर्तमान पदास मुदत असते, माजी पदास ती नसते, सबब हैबतराव आता मरेपर्यंत माजी राहणार आणि त्यांस कोणी हटवू शकणार नाही. ते अध्यक्ष जाहले आणि आपले सोयरे उपाध्यक्ष केले. खजिनदार आणि सचिव मागाहून निर्माण केले, कारण उपाध्यक्षांस हाताखाली कोणी हवे होते. हैबतरावांस कधी पडशाखेरीज रोग जाहला नव्हता, तरी वैद्यकाचे प्रत्येक कलमावर त्यांचे मत असे. शस्त्रक्रियेची खोली आग्नेयेस नसावी, त्याने सुना आजारी पडतात, हा त्यांचा पहिला निर्णय. रुग्णालयास त्यांचे तीर्थरूपांचे नाव द्यावे, हा दुसरा. हफ्साबाईंनी नाव दिले आणि खोली राखली, कारण नावाने कोणाचे रक्त वाहात नाही. हैबतरावांचे पुतणे साईराज, ज्यांचा फ्लेक्स छापण्याचा कारखाना आहे, त्यांनी पहिल्याच पाटीवर ट्रॉमा सेंटराचे ठायी ड्रामा सेंटर छापिले. ती चूक होती ऐसे बखरकार म्हणणार नाही.

मग एके दिवशी ट्रस्टचा दरबार भरला, वडे आले, चहा आला, आणि हफ्साबाईंनी उभे राहून समजाविले की, अपघातानंतरचा जो पहिला तास, त्यास आमच्या विद्येत सुवर्णतास म्हणतात. त्या तासात रक्त थांबले तर मनुष्य वाचतो, आणि तो तास वाटेत गेला तर मागाहून साक्षात धन्वंतरी आला तरी इलाज नाही. आपले ठाणे त्या सुवर्णतासासाठी आहे, दुसऱ्या कशासाठी नाही. हे ऐकून दरबार बहुत संतोषला. उपाध्यक्षांनी माना डोलविल्या. हैबतरावांनी सुवर्णतास हा शब्द तीनदा पुटपुटून पाहिला आणि त्यांचे मुद्रेवर तेज आले. हफ्साबाईंस वाटले, समजले. हीच त्यांची या मोहिमेतील एकमेव चूक.

हैबतराव दुसरे दिवशी सकाळी पेणेस गेले आणि आपल्या घराण्याचे गुरुजींस म्हणाले की, रुग्णालयाचे उद्घाटन आहे, डॉक्टरीणबाईंच्या शास्त्राप्रमाणे ते सुवर्णतासावरच व्हावे लागते, तरी सुवर्णतास काढून द्या. गुरुजींनी हा तास जन्मात ऐकला नव्हता, परंतु नाही म्हणणारा गुरुजी उपाशी मरतो हे त्यांनी ऐकले होते. त्यांनी पंचांग उघडले, बोटांची पेरे मोजली, आणि पुढील महिन्याचे शुद्ध पक्षातला एक उत्तम सुवर्णतास काढून दिला. मग पत्रिका छापिल्या, मुंबईचे एक नामदार प्रमुख पाहुणे ठरले, आणि फर्मान सुटले की, तोवर दरवाजास कुलूप राहील आणि कोणा जखमीस आत घेतले जाणार नाही.

हफ्साबाई पत्रिका घेऊन हैबतरावांचे वाड्यावर धावल्या आणि म्हणाल्या की, सुवर्णतास हा मुहूर्त नव्हे, तो ज्याच्या त्याच्या जखमेबरोबर सुरू होतो. हैबतरावांनी त्यांस पाट दिला, पाणी दिले, आणि सांगितले की, आम्हीही तेच म्हणतो, तास चुकता कामा नये, एकदा गेला की गेला, हे आम्हांस पुरते पटले आहे. मग हफ्साबाईंनी पुन्हा समजाविले आणि त्यांनी पुन्हा होकार दिला. भिंतीशी भांडता येते, होकाराशी कैसे भांडावे? परवान्यांवर सही हैबतरावांची होती, आणि रागाने उठून जावे तर सारेच बुडेल, म्हणून हफ्साबाईंनी दात आवळून तो महिना काढला. यंत्रे सज्ज, पलंग सज्ज, चादरी घातलेल्या, आणि त्या बंद दरवाजावरून रोज भोंगे वाजवीत गाड्या उत्तरेस जात. किती गेल्या ते कोणी लिहून ठेविले नाही. हफ्साबाई समोरचे मैलाचे दगडावर बसून पाहात आणि घरी गेल्यावर जेवत नसत.

आणखी एक पेच पडला तो पहिल्या रुग्णाचा. पेणच्या बाजारात पापडवाली असो की कोळीण असो, दिवसाचे पहिले गिऱ्हाईक ही तिची भवानी. ती चांगली जाहली तर दिवस चांगला, आणि पैसा हाती पडताच ती तो कपाळास लावते. हैबतरावांनी खलबत करून ठरविले की, रुग्णालयासही भवानी आहे आणि ती रक्ताने होता कामा नये, नाहीतर पुढे कायम रक्तच येत राहील. अपघाताच्या रुग्णालयात रक्त येऊ नये हा मनसुबा जगात प्रथमच कोणी केला असावा. गिरजाबाईंनी विचारले की मग काय खोबरे यावे की काय, परंतु परिचारिकांस ट्रस्टमध्ये मत नाही. शुभ, प्रसन्न आणि टिकाऊ ऐसा रुग्ण शोधता शोधता हैबतरावांच्या आत्याबाई, बायजाबाई, यांची नेमणूक जाहली. त्यांचे गुडघे दुखत, त्याखेरीज प्रकृती ठणठणीत होती. त्यांनी नामदारांच्या हस्ते पहिले दाखल व्हावे, फळांची करंडी घ्यावी, आणि फोटो निघाल्यावर घरी जावे, ऐसे ठरले.

मुहूर्ताचा दिवस उजाडला. मांडव पडला, खुर्च्या मांडिल्या, आसपासच्या वाड्यांतील बचतगटांच्या बाया टेंपोत घालून खुर्च्या भरण्यास आणिल्या. बेंजो पार्टी आली. दरवाजासमोर लाल साटिनाची रुंद फीत ताणली, चांदीच्या तबकात सोनेरी मुलाम्याची कात्री ठेविली, नारळ फोडण्यास काळा दगड धुऊन मांडिला, आणि रुग्णवाहिकेसही झेंडूच्या माळांनी ऐसे गुंडाळिले की इद्रीसमामूंस पुढचे दिसेना. बायजाबाई नवी नऊवारी नेसून, गळ्यात हार घालून, मांडवात स्ट्रेचरवर पहाटेपासून आडव्या होत्या आणि अधूनमधून चहा मागत होत्या. साईराजांनी रस्त्यावर स्वागताची कमान उभारिली. सगळे उपाध्यक्ष एका ओळीत मावावे ऐसा हैबतरावांचा आग्रह होता, सबब फ्लेक्स फार रुंद जाहला, आणि फ्लेक्स रुंद म्हणून कमानीचा एक खांब पांढरी रेघ ओलांडून रस्त्यात रोविला गेला. इद्रीसमामूंनी तो पाहून साईराजांस बजाविले की कोणी तरी आपटेल. साईराजांनी उत्तर केले की मग उपाध्यक्ष कापू काय.

सुवर्णतास आला. नामदार आले नाहीत. ते वडखळास ट्रकांच्या गर्दीत अडकले होते, आणि त्यांस घ्यावयास गेलेली स्वागताची मोटारही तेथेच जाऊन अडकली. हैबतरावांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी सूर्याकडे पाहिले आणि सुवर्णतास किंचित लांबविला. नामदार पुढे सरकले नाहीत, म्हणून तो आणखी लांबविला. जो तास रक्ताच्या थेंबासाठी पळभर थांबत नाही, तो नामदारांसाठी रबरासारखा ताणला गेला. हफ्साबाई पांढरा कोट घालून फितीच्या अलीकडे उभ्या होत्या. सर्वांस त्या शांत दिसल्या. आतून त्या जळत होत्या.

ऐसे असता डोलवीच्या कारखान्यात ठेक्यावर काम करणारा जनू हा शिफ्ट संपवून मोटारसायकलवर घरी निघाला. त्याची बायको शांती बचतगटाबरोबर मांडवातच दुसऱ्या ओळीत बसली होती. मागून ट्रेलर आला, जनूने वाट देण्यास गाडी कडेस घेतली, आणि कडेस कमानीचा खांब होता. मोठा आवाज जाहला. कमान कोसळली, उपाध्यक्षांचे चेहरे मातीत गेले, आणि त्यांच्याखाली जनू पडला होता. मांडीतून रक्त उसळत होते. शांतीने आधी मोटारसायकल ओळखली.

मग जे घडले त्यावर पुढील पिढ्यांचा विश्वास बसणार नाही, म्हणून बखरकार साक्ष घालून लिहितो. नव्या कोऱ्या अपघात रुग्णालयाचे दारात, ट्रस्टच्या समस्त सरदारांसमक्ष, एक मनुष्य अपघात होऊन पडला, आणि उपाध्यक्षांतला एक शहाणा म्हणाला पनवेलीस न्या, आणि दुसरा त्याहून शहाणा म्हणाला थेट मुंबईस न्या. नामदार ज्या गर्दीत तासभर अडकले होते, त्याच गर्दीत या मनुष्यास धाडावे, हे त्यांस सुचले. एकाने गाडीही पुढे काढिली, परंतु सीटकव्हर नवे आहे हे ध्यानात येऊन ती मागे घेतली.

हफ्साबाई धावल्या. त्यांनी जनूच्या जांघेत मूठ दाबून धरिली आणि गिरजाबाईंस हाक मारिली. गिरजाबाईंनी इकडेतिकडे पाहिले, आणि उद्घाटनाची लाल फीत दोन्ही खांबांवरून हिसकून आणिली, आणि तबकातली सोनेरी कात्री उचलली. हैबतराव ओरडले की ती नामदारांची कात्री आहे. गिरजाबाईंनी फीत जनूच्या मांडीवर वरच्या बाजूस आवळून बांधिली, गाठीत कात्री घातली, आणि ती पिरगाळीत नेली. रक्त हळूहळू थांबले. त्या कात्रीने फीत कापली गेली नाही, परंतु त्या दिवशी फीत आणि कात्री या दोहोंस जन्मात प्रथमच काही काम मिळाले.

मग हफ्साबाईंनी किल्ली मागितली. हैबतरावांनी तोंडावरचा घाम पुसला. ते दुष्ट नव्हते, हे बखरकारास लिहिणे भाग आहे. त्यांस भीती वाटत होती, आणि भ्यालेल्या अध्यक्षाइतके आडमुठे जनावर त्रिभुवनात नाही.

"म्याडम," हैबतराव म्हणाले, "रक्तानं भवानी नको. अर्ध्या तासाचा तर सवाल हाय."

"त्याच्याकडे अर्धा तास नाही," हफ्साबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते.

हैबतराव हलले नाहीत. उपाध्यक्ष हैबतरावांकडे पाहात राहिले, आणि गुरुजी पंचांगात पाहू लागले. शांती नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती आणि कोणाकडे पाहावे हे तीस कळत नव्हते. इतक्यात मांडवातून खुरडत खुरडत कोणी आले. त्या बायजाबाई होत्या. त्यांनी गळ्यातला हार काढून टाकिला होता आणि स्ट्रेचर एका हाताने ओढीत आणिला होता.

"हैबत्या," त्या म्हणाल्या, "गुडघ्यानं कोन मरत नाय. ह्यो पोर मरंल. चावी दे."

साऱ्या मुलखात हैबतरावांस हैबत्या म्हणणारे एवढेच एक मनुष्य हयात होते. त्या हाकेसरशी अध्यक्षपद गळाले, माजी सभापतिपद गळाले, आणि मागे उरला तो आईविना वाढलेला आणि आत्याच्या हातचे धपाटे खाल्लेला पोर. त्याने खाली मान घालून कबूल केले की किल्ली आपणापाशी नाही. नामदारांनी ती स्वहस्ते घेऊन यावी, त्याने शोभा येईल, म्हणून मखमलीच्या पेटीत घालून ती स्वागताच्या मोटारीतून वडखळास धाडिली आहे.

हे ऐकून बखरकारासही येथे शिवी सुचली होती, ती लिहिली नाही. मग इद्रीसमामू पुढे जाहले. त्यांनी नारळासाठी मांडलेला काळा दगड दोन्ही हातांनी उचलिला आणि बिस्मिल्ला म्हणून कुलपावर हाणिला. पहिल्या घावास कुलूप वाकले, दुसऱ्या घावास तुटले. ऐसा त्या दुर्गाचा दरवाजा आपलेच पक्षाकडून लढून घ्यावा लागला. जगात किल्ले शत्रूपासून घेतात, येथे ट्रस्टपासून घेतला.

आत खरे युद्ध जाहले. त्याचे वर्णन थोडक्यात लिहितो, कारण जेथे काम होते तेथे गोष्टी थोड्या असतात. भूल देणारे डॉक्टर नावेद समारंभास नवा सदरा घालून आले होते, ते तैसेच बाह्या सारून उभे राहिले. रक्ताच्या पिशव्यांची शीतपेटी उघडली तो पुढे नामदारांच्या श्रीखंडाची पातेली रचलेली, ती गिरजाबाईंनी व्हरांड्यात फेकिली. हफ्साबाईंनी मांडी उघडून फाटलेली रक्तवाहिनी हुडकली. एकदा ती हाती येऊन सुटली, जनूची नाडी बुडाली, आणि डॉक्टर नावेद जोराने काही म्हणाले. हफ्साबाईंस तेव्हां दुसरेच एक अंग आठवले, गार आणि पांढरे, आणि भाताचे नमुन्यांची पिशवी आठवली. मग त्यांनी ओठ चावला, वाहिनी पुन्हा धरिली, आणि या वेळी सोडिली नाही. टाके पडले, रक्त चढले, मोडल्या हाडास बाहेरून सळ्या लावून ते जागी बसविले. बोटे गार होती ती हळूहळू कोमट जाहली.

बाहेर तोवर नामदार पोहोचले. मखमलीच्या पेटीत किल्ली होती, परंतु कुलूप नव्हते. कात्री नव्हती, फीत नव्हती. परंतु उद्घाटनास या गोष्टी लागतात ऐसे नाही, फोटोवाला लागतो, आणि तो होता. मांडवाची झालर फाडून फीत केली, बेंजोवाल्याकडून सुरी घेतली, आणि नामदारांनी उघड्या दरवाजाचे उद्घाटन केले. मग भाषण जाहले की आपण ऐन सुवर्णतासावर येऊन ठेपलो हा या मातीचा आशीर्वाद आहे. टाळ्या पडल्या. गुरुजींनी मान हलविली. कमान का पडली ऐसे नामदारांनी विचारिले तेव्हां साईराजांनी वाऱ्याचे नाव सांगितले.

नंतर हैबतरावांनी आत निरोप धाडिला की, नामदारांस पहिल्या रुग्णास फळे देणे आहे, तरी रुग्णास क्षणभर दाराशी आणावे, अगर तो येण्याजोगा नसेल तर त्याच्या पलंगावर दुसरे कोणी निजवावे. निरोप गिरजाबाईंनी ऐकिला आणि उत्तरही त्यांनीच परस्पर केले. त्या दाराशी आल्या, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि नामदारांच्या समक्ष हैबतरावांस विचारिले की, कमानीचा खांब कोणी कोठे रोविला हे फळांबरोबर पेपरात द्यावयाचे आहे काय. नामदारांस एकाएकी मुंबईचे तातडीचे काम आठवले. फळांची करंडी बायजाबाईंनी उचलली आणि बचतगटाच्या बायांस वाटून टाकिली.

संध्याकाळी हफ्साबाई बाहेर आल्या. मांडव ओस पडला होता, खुर्च्या पालथ्या, वारा फ्लेक्स फडफडवीत होता. शांती पायरीवर एकटी बसली होती. हफ्साबाईंनी तीस सांगितले की जनू जगला, पायही राहील, चालावयास वेळ लागेल परंतु चालेल. शांतीने ऐकिले. ती उठून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली,

"माफी करा गो बाय. तुमची भवानी आमच्या रक्तानं झाली."

दिवसभर हफ्साबाईंनी अश्रू काढिला नव्हता, हैबतरावांसमोर नाही, मेजाशी नाही. आता तो आवरेना. ज्याच्या मांडीत यांचा खांब शिरला त्याच्या बायकोने यांचीच माफी मागावी, एवढी या सरदारांनी रयतेची रीत बिघडविली होती. पापडवाली पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा कपाळास लावते, तैसा हफ्साबाईंनी शांतीचा उजवा हात धरिला आणि आपल्या कपाळास लाविला, आणि बराच वेळ तेथेच ठेविला.

येणेप्रमाणे ठाणे बसले आणि फत्ते जाहली, ती कायम लिहून ठेविली असे. भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. तीवर नामदार, हैबतराव आणि समस्त उपाध्यक्ष यांची नावे आहेत, आणि सुवर्णतासाची वेळही कोरली आहे, ज्या वेळेस नामदार वडखळास होते. जनूचे नाव नाही. तो आता कुबडी टाकून चालतो आणि पाटीवरून जाताना तिकडे पाहात नाही, कारण त्यास घाई असते. ट्रस्टने ठराव केला की तुटल्या कुलपाचे जागी नवे, भारी कुलूप आणावे. हफ्साबाईंनी प्रतिहुकूम केला की, या दारास कुलूप राहणार नाही, आणि तो हुकूम आजतागायत जारी आहे.

आणि त्याच संध्याकाळची एक बाब लिहावयाची राहिली. शांती पायरीवरून उठून आत नवऱ्यापाशी गेली न गेली, तो कोलाडाकडून एक रिक्षा धडधडत आली. आत डोके फुटलेला कोणी मनुष्य होता आणि त्याच्या भावाने त्यास धरिले होते. रिक्षावाल्याने पायरीपाशी वेग कमी केला, आणि झेंडूच्या माळा सोडवीत बसलेल्या इद्रीसमामूंस विचारिले की पनवेलीस लवकर पोहोचावयास वडखळ मोकळे आहे काय.

मामूंनी माळ खाली टाकिली.

"कशाला पनवेल?" ते म्हणाले. "आत घे. उघडंच हाय."